विवेकाची जन्मकथा आणि समीक्षेचा विसर

मिथक आणि साहित्य या विषयावरील प्रबंध परीक्षणासाठी हाती येतात तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रकरणात काय असेल, हे न वाचताही सांगता येते. पुढची प्रकरणे आख्यानकाव्यावर असोत, नाटकावर असोत वा नवकवितेवर असोत. आरंभी मानवी मनाचा एक संक्षिप्त इतिहास असतोच. आदिमानव निसर्गाला भ्यायला, भयातून त्याने देव कल्पिले, देवांच्या कथा रचल्या, पुढे इ. स. पू. सहाव्या शतकात आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मिलेटस या ग्रीक नगरात थेलीसने विश्वाचे मूळ पाणी आहे असे सांगितले आणि मिथकाच्या जागी विवेक आला. एवढे सांगून झाले की मिथकाला ‘आदिम मनाची भाषा’ ठरवून प्रबंधकार आपल्या कवीकडे वळतो.

अशाच एका मौखिक परीक्षेत मी उमेदवाराला विचारले : होमरच्या ‘इलियड’मध्ये ओकेआनोस हा पृथ्वीला वेढणारा जलप्रवाह देवांचे उगमस्थान म्हणून येतो, आणि थेलीसही सर्व वस्तूंचे मूळ पाण्यातच पाहतो, मग पहिले मिथक आणि दुसरा विवेक हे कशावरून ठरवायचे? प्रश्न माझा नव्हे. ॲरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये थेलीसचे मत सांगताना याच साम्याकडे निर्देश केला आहे. उमेदवार गप्प राहिला. मार्गदर्शक त्याच्या मदतीला आले आणि म्हणाले, “बाई, हे तर सर्वमान्य आहे.”

विवेकाचा जन्म झाला, या विधानाला आधार मागितला असता जे पुढे आले ते परंपरेचे वचन होते. हा विरोधाभास मला तेव्हापासून अस्वस्थ करीत आला आहे. ‘मिथकाकडून विवेकाकडे’ हे सूत्र आपल्याकडे ज्या रीतीने सांगितले जाते, ती रीत कथेची आहे. तिला उगम आहे, नायक आहे, एक मंगल प्रभात आहे, आणि तिच्याविषयी प्रश्न विचारणे औचित्याला सोडून मानले जाते. या सूत्राने ग्रीक विचाराचे चुकीचे चित्र आपल्यापुढे उभे केले एवढाच माझा आक्षेप असता, तर तो तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांवर सोपवून मी मोकळी झाले असते. परंतु या सूत्राने मराठी समीक्षेचे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

१

प्रथम या सूत्राचे कूळ पाहू. ग्रीकांनी काही अपूर्व घडविले ही भावना एकोणिसाव्या शतकातील युरोपात सर्वत्र होती. एर्नेस्त रेनाँ यांनी तिला ‘ग्रीक चमत्कार’ असे नावही दिले. विवेकाच्या जन्माचे वर्णन चमत्काराच्या भाषेत व्हावे, ही गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नसावी. जॉन बर्नेट यांच्या आरंभीच्या ग्रीक तत्त्वज्ञानावरील ग्रंथाने (पहिली आवृत्ती १८९२) आयोनियन विज्ञानाचे मूळ मिथकांत शोधण्यालाच हरकत घेतली. आणि ज्या पुस्तकाच्या शीर्षकाने हे सूत्र रूढ झाले ते विल्हेल्म नेस्ट्ले यांचे जर्मन पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. स्थळ आणि साल दोन्ही बोलके आहेत. मिथकापासून विवेकापर्यंतची ही वाट चालण्याचे भाग्य सर्वाधिक प्रतिभासंपन्न वंश म्हणून आर्य लोकांसाठीच राखून ठेवलेले दिसते, अशा आशयाचे विधान नेस्ट्ले यांनी त्या पुस्तकात केले आहे.

एखादी कल्पना वाईट काळात वा वाईट तोंडून उच्चारली गेली म्हणून ती खोटी ठरत नाही, हे मला मान्य आहे. नेस्ट्ले यांच्या वंशवादाचा उल्लेख मी वेगळ्या कारणासाठी करते. या सूत्राच्या रचनेतच कोणीतरी मागे राहिलेला लागतो. बालपण आणि प्रौढत्व, अंधार आणि पहाट, पूर्व आणि पश्चिम अशा जोड्यांवाचून ते उभे राहत नाही. ज्यांनी ही वाट चालली ते प्रौढ, आणि ज्यांच्या समाजात अजून कथा सांगितल्या जातात ते बालबुद्धीचे. आपल्याकडील प्रबंधकार ‘आदिम मन’ असे शब्द लिहितात तेव्हा ती जागा कोणासाठी राखून ठेवलेली होती याचा त्यांना पत्ता नसतो. ती त्यांच्या स्वतःच्या आजीसाठी होती.

खुद्द अभ्यासकांच्या जगात हे सूत्र केव्हाच निर्विवाद राहिलेले नाही. फ्रान्सिस कॉर्नफर्ड यांनी १९१२ मध्येच धर्मकल्पना आणि तत्त्वज्ञान यांतील सातत्य दाखविले. ई. आर. डॉड्स यांनी १९५१ मध्ये ग्रीकांच्या जीवनातील विवेकेतर प्रेरणांचा प्रचंड विस्तार पुढे ठेवला. झाँ-पिएर व्हेर्नां यांनी १९६२ मध्ये ग्रीक विचाराचा उगम नगरराज्याच्या राजकीय व्यवहारात शोधला. जॉफ्री लॉइड यांनी १९७९ पासून वैद्यक, जादूटोणा आणि विज्ञान यांचे तत्कालीन संबंध उलगडून दाखविले. १९९९ मध्ये रिचर्ड बक्स्टन यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाच्या शीर्षकात हे सूत्र आले ते प्रश्नचिन्हासह. आपल्या प्रबंधांपर्यंत ते प्रश्नचिन्ह अद्याप पोचलेले नाही.

२

या सूत्रातील दोन शब्दांचा ग्रीक साहित्यातील वापर तपासला तर धक्काच बसतो. ‘मिथ’ हा शब्द ज्यापासून आला तो ‘मुथोस’ आणि तर्क, युक्तिवाद, विवेक अशा अर्थांनी पुढे प्रतिष्ठा पावलेला ‘लोगोस’ हे दोन शब्द आरंभी एकमेकांचे विरोधी नव्हतेच. आणि जेथे त्यांच्यात भेद होता तेथे तो आपल्या समजुतीच्या उलट होता.

‘इलियड’च्या आरंभी आपली कन्या सोडवून नेण्यासाठी आलेल्या वृद्ध पुजाऱ्याला ॲगमेम्नॉन दरडावून हाकलून देतो. त्या दरडावणीला कवीने वापरलेला शब्द ‘मुथोस’ आहे, आणि वृद्ध भयाने ज्याचे पालन करतो तोही ‘मुथोस’च. ‘ओडिसी’त तरुण टेलेमाकस आपल्या आईला चातीकडे आणि मागाकडे जायला सांगतो आणि ‘मुथोस’ हे पुरुषांचे, विशेषतः घरात सत्ता असलेल्या आपले, काम आहे असे बजावतो. म्हणजे ‘मुथोस’ ही अधिकारवाणी होती. राजाने, वीराने, घरच्या पुरुषाने चारचौघांत उच्चारावयाची आणि इतरांनी मानावयाची. होमरमध्ये ‘लोगोस’ हा शब्द अवघा दोनदा येतो. एकदा जखमी मित्राचे मन रमविणाऱ्या गोष्टींसाठी, आणि एकदा कॅलिप्सो ज्या गोड गोड बोलण्याने ओडिसिअसला भुलविते त्यासाठी. हीसिअडमध्ये हेच चित्र अधिक स्पष्ट होते. पँडोराच्या अंतःकरणात असत्याबरोबर घातले जातात ते आर्जवी ‘लोगोस’, आणि आपला भाऊ पर्सेस याला आपण सत्य सांगणार असे म्हणताना हीसिअड ‘मुथोस’पासून साधलेले क्रियापद वापरतो. सुवर्णयुगापासून लोहयुगापर्यंत मानववंशांच्या ऱ्हासाची जी कथा आपण बिनदिक्कत मिथक म्हणतो, तिला हीसिअडने दिलेले नाव ‘लोगोस’ आहे. १९९९ मध्ये ब्रूस लिंकन यांनी या साऱ्या स्थळांची मांडणी करून दाखविली. पण मूळ काव्ये वाचणाऱ्याला ती तत्पूर्वीही दिसण्यासारखी होती.

हे केवळ कवींपुरते आहे, असे कोणी म्हणेल. तर मग मिलेटसच्याच हेकाटीअसकडे पाहावे. वंशावळी आणि भूवर्णन लिहिणारा हा गद्यकार ग्रीक इतिहासलेखनाचा पूर्वज समजला जातो. ग्रीकांच्या कथा अनेक आणि हास्यास्पद आहेत, म्हणून मला जे खरे वाटते ते मी लिहितो, अशी त्याच्या ग्रंथाची सुरुवात आहे. विवेकाची याहून स्पष्ट घोषणा कोणती? परंतु त्या वाक्यात हास्यास्पद ठरतात ते ग्रीकांचे ‘लोगोस’, आणि हेकाटीअस स्वतः जे बोलतो त्याचे क्रियापद ‘मुथोस’चे आहे. तर्काचा आद्य पुरस्कर्ता म्हणून गौरविला जाणारा पार्मेनिडीझ आपले तत्त्वज्ञान एका देवीच्या मुखातून वदवितो. ती देवी आपल्या उपदेशाला ‘मुथोस’ म्हणते, आणि त्याच उपदेशात श्रोत्याला सांगते की मी मांडलेल्या खंडनाचा निवाडा ‘लोगोस’ने कर.

शेवटच्या उदाहरणापाशी जरा थांबले पाहिजे. अधिकारवाणी स्वतःच श्रोत्याला निवाडा करण्याचे आवाहन करते आहे. ॲगमेम्नॉनच्या ‘मुथोस’मध्ये अशी सोय नव्हती. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात थर्सायटीझ सेनापतीच्या तोंडावर त्याला सुनावतो, तेव्हा ओडिसिअस राजदंडाने त्याची पाठ फोडतो आणि सैन्य हसते. थर्सायटीझपासून पार्मेनिडीझच्या श्रोत्यापर्यंत काहीतरी निश्चित बदलले आहे. ते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि तो ‘मिथक’ व ‘विवेक’ या दोन पेट्यांत सुटत नाही.

३

मिलेटसमध्ये नवे असे काय घडले? विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न नवा नव्हता. हीसिअडच्या ‘थिओगोनी’त आरंभीच्या अव्यक्तापासून पृथ्वी, आकाश, देवांच्या पिढ्या आणि शेवटी झ्यूसचे राज्य असा क्रम आहे, आणि त्याचे आप्त हिटाइट लोकांच्या कुमार्बीच्या कथेत व बाबिलोनच्या ‘एनुमा एलिश’मध्ये आहेत. अभिन्न आद्यावस्था, तीतून विरुद्ध तत्त्वांचे पृथक होणे आणि त्यांच्या परस्परसंबंधातून जगाची घडण हा आराखडा अनॅक्झिमँडरमध्येही तसाच टिकून आहे, हे कॉर्नफर्ड यांनी दाखविलेच आहे. त्याच्या भाषेतूनही देवकथा गेलेली नाही. वस्तू एकमेकींवर केलेल्या अन्यायाबद्दल काळाच्या क्रमानुसार एकमेकींना दंड भरतात, असे तो म्हणतो. आणि हे वचन जतन करणाऱ्या सहाव्या शतकातील सिंप्लिशिअसलाही ते जरा काव्यमय वाटले होते. हेरॅक्लायटसच्या मते सूर्य आपली मर्यादा ओलांडणार नाही. ओलांडली तर न्यायदेवतेच्या सेविका, सूड घेणाऱ्या एरिन्युएस, त्याला हुडकून काढतील. निसर्गनियमाची कल्पना येथे आहे, आणि तिच्या दारावर पहारा मिथकाचा आहे.

तरीही दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी, की विश्वाच्या सिंहासनावरचा राजा दिसेनासा झाला. बाबिलोनच्या कथेत मार्दुक जिंकतो आणि जग घडवितो. हीसिअडच्या कथेत झ्यूस जिंकतो आणि मानसन्मान वाटून देतो. अनॅक्झिमँडरच्या जगात उष्ण आणि शीत, आर्द्र आणि शुष्क आळीपाळीने वरचढ होतात आणि आळीपाळीने भरपाई करतात. कोणालाही कायमचे वर्चस्व नाही. पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे, कारण सर्व बाजूंपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे तिला एकीकडे कलण्याचे कारण नाही. व्हेर्नां यांनी या चित्रात नगरराज्याचा चौक ओळखला : मध्यभागी मोकळी जागा आणि तिच्यापासून समान अंतरावर नागरिक. अल्कमीऑन हा वैद्यकाचा विचारवंत तर उघडच राजकारणाच्या शब्दांत बोलतो. शरीरातील शक्तींचे समान हक्क म्हणजे आरोग्य, आणि एकीची राजेशाही म्हणजे रोग. क्रीट बेटावरील ड्रेरोस येथे सातव्या शतकाच्या मध्यातील एक शिलालेख सापडला आहे. ज्याने एकदा सर्वोच्च पद भूषविले त्याला दहा वर्षे पुन्हा ते पद घेता येणार नाही, असा नगराचा निर्णय त्यावर कोरला आहे. त्या पदाचे नाव आहे ‘कॉस्मॉस’, म्हणजे व्यवस्था. पुढे तत्त्वज्ञ विश्वालाच हा शब्द लावू लागले. आळीपाळीचा नियम दगडावर आधी आला आणि आकाशात नंतर.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. थेलीसच्या मते पृथ्वी पाण्यावर तरंगते. मग पाणी कशावर आहे? परंपरा अनॅक्झिमँडरला थेलीसचा शिष्य मानते, आणि या शिष्याचे उत्तर असे, की पृथ्वीला आधाराची गरजच नाही. त्यानंतरचा अनॅक्झिमिनीझ पुन्हा आधाराकडे वळतो आणि पृथ्वी हवेवर तोलून धरली आहे असे म्हणतो. प्रगतीच्या हिशेबाने ही माघार आहे. परंतु तिघांचे बोलणे एकमेकांना उत्तर म्हणून उभे आहे, हे पाहिले तर माघारीलाही अर्थ येतो. गुरूचे मत शिष्याने मोडले आणि तरीही परंपरा तुटली नाही, उलट मोडण्याचीच परंपरा झाली, हे कार्ल पॉपर यांनी १९५८ च्या आपल्या व्याख्यानात मोठ्या आग्रहाने मांडले. मात्र विचाराच्या या शिस्तीमागचे न्यायालय आणि सभा त्यांनी फारशा पाहिल्या नाहीत. पुरावा, साक्ष, खंडन यांसाठीचे ग्रीक शब्द कज्जेदलालीतून तत्त्वज्ञानात आले, याकडे लॉइड यांनी पुढे लक्ष वेधले.

ॲरिस्टॉटलने हीसिअड आणि त्याच्यासारख्या देवकथाकारांवर जो आक्षेप घेतला तो या संदर्भात वाचला पाहिजे. त्याची तक्रार त्यांनी कथा सांगितल्या अशी नाही. कथांवर प्रेम करणारा एका अर्थी तत्त्वज्ञच, असे तो अन्यत्र म्हणतो. तक्रार अशी आहे, की या मंडळींनी स्वतःला पटेल एवढेच पाहिले आणि आपली, म्हणजे ऐकणाऱ्यांची, पर्वा केली नाही. मला वाटते, ग्रीसमध्ये जे घडले त्याचे नेमके नाव येथे सापडते. शब्द जबाबदार झाला. बोलणाऱ्याला जाब विचारता येऊ लागला, आणि जाब देता येणे ही बोलण्याची अट झाली. देवी बोलो, राजा बोलो वा गुरू बोलो, ‘हे कशावरून?’ असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या हाती आला.

या घटनेचे देव्हारे माजविण्याचे कारण नाही. चौकात उभे राहण्याचा अधिकार स्त्रियांना, दासांना आणि परकीयांना नव्हता. पेनेलोपीची चाती कोणत्याही तत्त्वज्ञाने तिच्या हातून काढून घेतली नाही. आणि ज्यांना अधिकार होता त्यांनाही तो सुखाने वापरू दिला गेला नाही. सूर्य हा तापलेला गोळा आहे असे म्हटल्याबद्दल अनॅक्झॅगोरसवर अथेन्समध्ये अधर्माचा आरोप आला, असे परंपरा सांगते, सॉक्रेटीसला इ. स. पू. ३९९ मध्ये विष प्यावे लागले. जाब विचारण्याची प्रथा सुरू झाली म्हणजे जाब देणाऱ्यांची खुशी होती, असे नव्हे.

४

आता साहित्याच्या अभ्यासकांनी जेथे सर्वाधिक थांबायला हवे आणि जेथे ते क्वचितच थांबतात, त्या झेनॉफनीझकडे येऊ. कोलोफॉनचा हा कवी पंचविसाव्या वर्षापासून देशोदेशी फिरत होता आणि ब्याण्णवाव्या वर्षीही काव्य रचीत होता, अशी त्याची स्वतःचीच नोंद आहे. चोरी, व्यभिचार आणि परस्परांची फसवणूक, अशी माणसांत निंद्य मानली जाणारी सर्व कृत्ये होमर आणि हीसिअड यांनी देवांच्या माथी मारली, हा त्याचा आरोप प्रसिद्ध आहे. इथिओपियनांचे देव काळे आणि नकटे, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबूस केसांचे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनीही आपल्यासारखेच देव रेखाटले असते, हा त्याचा युक्तिवादही परिचित आहे.

आपली पाठ्यपुस्तके त्याला मिथकाचा शत्रू म्हणून उभा करतात. पण तो काय करीत होता, हे बघा. तो स्वतः कवी होता, आणि होमरवरचा हल्ला त्याने होमरच्याच छंदात केला. मेजवानीत काय गावे याविषयी लिहिताना सज्जनांनी मंगल ‘मुथोस’ आणि शुद्ध ‘लोगोस’ यांनी देवाचे स्तवन करावे असे तो सांगतो. दोन्ही शब्द शेजारी, दोन्ही आदराचे. देव नाहीत असे तो म्हणत नाही. देवांविषयी तुम्ही जे बोलता ते देवांना शोभते काय, आणि हे चित्र तुम्ही कोठून आणले, एवढेच तो विचारतो. नंतर तोच प्रश्न तो स्वतःवरही उलटवितो. देवांविषयीचे निश्चित सत्य कोणाही माणसाला ठाऊक नाही. मात्र शोधत गेल्यास कालांतराने अधिक चांगले हाती लागते, अशी त्याची भूमिका आहे.

होमर ही त्या काळातील ग्रीकांची शाळा होती. त्या शाळेच्या पाठाला उभे करून ‘हे खरे आहे काय? हे योग्य आहे काय?’ असे विचारणारा हा माणूस माझ्या मते युरोपीय परंपरेतील पहिला साहित्यसमीक्षक आहे. ज्या घटनेला आपण विवेकाचा जन्म म्हणतो तीच समीक्षेच्या जन्माचीही घटना आहे, आणि ती काव्याच्या घरात घडली. काव्य काही सांगते, त्या सांगण्याचा माणसांच्या वागण्यावर परिणाम होतो, म्हणून त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत, हे तिचे गृहीतक होते. हेरॅक्लायटसने होमरला स्पर्धांतून हाकलून बडवले पाहिजे असे म्हटले तेही याच कारणाने. ज्याचे बोलणे आपण गंभीरपणे घेत नाही त्याच्यावर कोणी काठी उचलीत नाही.

प्रश्न विचारण्याचा आणखी एक मार्ग होता, तो अर्थनिर्णयाचा. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस रेगिअमच्या थिआजिनीझने होमरमधील देवांच्या लढाया म्हणजे निसर्गतत्त्वांचा संघर्ष, असा अर्थ लावल्याचे सांगितले जाते. १९६२ मध्ये थेसालोनिकीजवळच्या डेरवेनी येथे चितेच्या अवशेषांत एक जळके हस्तलिखित सापडले. त्याची संपूर्ण आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ऑर्फिअसच्या नावाने प्रचलित असलेल्या एका देवकथात्मक काव्यावर भाष्य आहे, आणि भाष्यकार त्या काव्यातून अनॅक्झॅगोरसच्या वळणाचे विश्वशास्त्र काढून दाखवितो. एम्पेडोक्लीझच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रासबुर्ग येथील पपायरसवर त्याचे भौतिक सिद्धांत आणि मांसभक्षणाविषयीचा पश्चात्ताप एकाच हस्तलिखितात आले आहेत. पूर्वीचे संपादक पहिल्याला विज्ञानाच्या आणि दुसऱ्याला धर्माच्या ग्रंथात वाटून देत. वाटणी एम्पेडोक्लीझची नव्हती. ती संपादकांची होती.

५

ही वाटणी मग कोणी केली? हिरोडोटसने एकदोन ठिकाणी न पटणाऱ्या कथेला ‘मुथोस’ म्हटले. थ्युसिडिडीझने कथारम्यतेचा मोह आपल्या इतिहासातून बाहेर ठेवला. परंतु भिंत खऱ्या अर्थाने बांधली ती प्लेटोने. ‘प्रोटॅगोरस’ या संवादात सोफिस्ट श्रोत्यांना विचारतो, की मी ‘मुथोस’ सांगू की ‘लोगोस’ मांडू? येथे दोन शब्द प्रथमच दोन ताटांत वाढलेले दिसतात. ‘गॉर्जिअस’च्या शेवटी मृत्यूनंतरच्या न्यायाची कथा सांगताना सॉक्रेटीस म्हणतो, की तुला हा ‘मुथोस’ वाटेल, पण मी तो ‘लोगोस’ म्हणून सांगतो. म्हणजे भिंत बांधणाराच तिच्यावरून सतत उड्या मारीत होता.

‘रिपब्लिक’मध्ये या भिंतीची किंमत कळते. कवींना आदर्श नगरातून निरोप दिला जातो, कारण ते खोटे सांगतात. त्याच नगरासाठी मग एक खोटी कथा मुद्दाम रचली जाते : राज्यकर्त्यांच्या घडणीत देवाने सोने मिसळले आहे, रक्षकांच्या रुपे, आणि शेतकरी-कारागिरांच्या लोखंड व तांबे. धातू हीसिअडच्याच कथेतले आहेत. तेथे त्यांनी काळाचा ऱ्हास सांगितला होता. येथे ते माणसांची श्रेणी ठरवितात. या कथेला कोणी जाब विचारायचा नाही. ती लोकांना पटावी, एवढीच अपेक्षा आहे.

आमच्या प्रबंधांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. मिथकाला सत्याच्या कक्षेबाहेर काढले, की ते निरुपद्रवी होत नाही. ते सत्ताधाऱ्याच्या कामाला येते. झेनॉफनीझ होमरशी भांडत होता तोवर होमर आणि वाचक एकाच चौकात उभे होते. कथा खरी की खोटी हा प्रश्नच गैरलागू ठरविला, त्या दिवसापासून कथा कोण सांगतो आणि कोणासाठी सांगतो, हे विचारण्याची वाट बंद झाली.

६

आता आपल्याकडे वळू. मिथकासंबंधी मराठी समीक्षेत आज दोन पक्ष दिसतात, आणि दोघे परस्परांचे शत्रू आहेत, असा दोघांचा समज आहे. पहिला पक्ष स्वतःला बुद्धिवादी म्हणवितो. त्याच्या लेखी मिथक म्हणजे विवेकापूर्वीचा अवशेष; कवितेत ते आले तर प्रतिमा म्हणून क्षम्य, जीवनात आले तर अंधश्रद्धा. दुसरा पक्ष म्हणतो की विवेक हीच पाश्चात्त्यांची अंधश्रद्धा. मिथकाचे सत्य वेगळ्या प्रतीचे, सामूहिक नेणिवेचे, भूमीचे, रक्ताचे. त्याला तर्काच्या तागडीत घालणे हाच अपराध. एक तुच्छतेने आणि दुसरा भक्तीने, दोघेही मिथकाला प्रश्नांच्या पलीकडे नेऊन बसवितात. दोघेही नेस्ट्ले यांच्या सूत्रावर जगतात. फरक एवढाच, की पहिला पक्ष बाणाच्या टोकाशी उभा आहे आणि दुसरा पिसाशी.

याचा परिणाम आपल्या समीक्षेच्या रोजच्या व्यवहारात दिसतो. एखाद्या कादंबरीत पुराणकथेचा वापर झाला, की समीक्षक आदिबंध शोधतो, त्यांची नावे देतो, त्यांमुळे आशयाला वैश्विक परिमाण लाभले असा शेरा मारतो आणि थांबतो. त्या कथेतून लेखक कोणाची बाजू घेतो, जुन्या कथेतील कोणाचे मौन तो तसेच ठेवतो, कथा आज जे सांगते ते खरे आहे काय, योग्य आहे काय, हे प्रश्न विचारले जात नाहीत. विचारले तर ते ‘साहित्यबाह्य’ ठरतात. झेनॉफनीझचा प्रश्न साहित्यबाह्य ठरविणाऱ्या विद्येला समीक्षा का म्हणावे, हे मला कळत नाही.

वस्तुतः या प्रश्नाची आपल्याकडे वाण नव्हती. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकात दशावताराच्या कथा एकेक करून हाती घेतल्या त्या संवादाच्या रूपात, म्हणजे प्रश्नोत्तरांत. परशुराम चिरंजीव आहे, असे परंपरा सांगते. तेव्हा जोतीरावांनी त्या पुस्तकात परशुरामाच्या नावे रीतसर पत्र लिहून त्याला ठरावीक मुदतीत हजर होण्यास फर्मावले. हा निव्वळ विनोद नव्हे. कथेला तिच्या स्वतःच्या शब्दावर पकडून जाब विचारण्याची ही रीत आहे. चिरंजीव असशील तर ये आणि उत्तर दे. त्याच पुस्तकात त्यांनी बळीच्या कथेला नवे तेज दिले. म्हणजे मिथक सोडून विवेकाकडे जाण्याची वाट त्यांनी धरली नाही; मिथकाच्या अंगणातच उभे राहून त्यांनी विवेकाची मागणी केली. फुल्यांच्या ऐतिहासिक अनुमानांपैकी कोणती टिकतात आणि कोणती टिकत नाहीत, हा वेगळा आणि आवश्यक वाद आहे. पण तो वाद घालता येतो, यातच त्यांच्या मांडणीचे यश आहे. सूत्राच्या चौकटीत मात्र या पुस्तकाला जागाच सापडत नाही. बुद्धिवादी पक्षाला त्यातील बळीराजा अडचणीचा वाटतो, आणि भक्तिवादी पक्षाला परशुरामाला लिहिलेले पत्र.

कोणी म्हणेल, की मग मिथक आणि युक्तिवाद यांत काही भेदच उरत नाही काय? उरतो. कथा सांगणे आणि सिद्ध करणे या दोन क्रिया आहेत, आणि गणिताच्या सिद्धतेऐवजी कोणी कथा सांगू लागला तर मीही त्याला थांबवीन. भेद नाकारणे हा माझा हेतू नाही. हा भेद दोन युगांतला, दोन वंशांतला किंवा दोन मनांतला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. एकाच माणसाच्या एकाच काव्यात दोन्ही क्रिया शेजारी नांदतात; आणि त्या दोन्हींना ‘कशावरून?’ असे विचारता येते. सिद्धतेला आपण तिच्या पायऱ्या विचारतो. कथेला ती कोणाच्या मुखाने बोलते आणि कोणाला गप्प करते, हे विचारतो. प्रश्न वेगळे, विचारण्याचा अधिकार एकच.

त्या मौखिक परीक्षेत उमेदवाराला पदवी मिळाली, आणि ती मिळायला हरकतही नव्हती. पुढच्या प्रकरणांत त्याने कष्ट केले होते. पण ‘सर्वमान्य आहे’ हे उत्तर ऐकून आम्ही सारे चहाला उठलो, यात माझाही वाटा आहे. विवेकाचा जन्म कोठे आणि कधी झाला हे विद्यार्थ्यांना सांगण्याची आपल्याला फार घाई असते. ‘कशावरून?’ हा प्रश्न परीक्षेच्या खोलीत, मार्गदर्शकासमोर, विचारू देण्याची तेवढी घाई आपल्याला नसते. तो प्रश्न तेथे विचारला जाणार नसेल, तर थेलीसचे नाव कितीही वेळा घेतले तरी आपण ॲगमेम्नॉनच्याच सभेत बसलेले आहोत.